वाढत्या हाताच्या पिस्तुलाची मोहीम

लाभाची याद आधी लिहावी आणि मग पराक्रम लिहावा. काय निमित्त, तर मोहिमा लाभासाठी होतात आणि कारणे त्यांस मागाहून जोडली जातात, हे जाणत्यांस ठाऊक आहे. ऐशास मुक्काम सिंगापूर, तर्फ बिशान, अकराव्या मजल्यावरील फ्लॅटाचे धनी राजमान्य राजश्री पद्माकरपंत यांस कन्येचे पहिले पिस्तूल घेण्यात लाभ तो काय होता? पैका म्हणावा तर तो जाणार होता, येणार नव्हता. मुलूख म्हणावा तर या बेटात दीड खोलीचाही वाढीव मुलूख कोणास मिळत नाही. लाभ एकच, परंतु थोर : खंडेनवमीचे दिवशी सासूबाईंनी व्हिडिओ कॉलावर जर्मन देशाची चौकट सोडोन सिंगापूरचे चौकटीकडे अंमळ जास्त वेळ पाहावे.

या लाभाचे मूळ ऐसे की, गतसाली खंडेनवमीस शस्त्रपूजा जाहली, तेव्हा पंतांचे साडू, मातबर निशिकांतराव, जे जर्मन देशी मोटारींचे कारखान्यात हुद्देदार, त्यांणी चौरंगावर तांबडे वस्त्र घालोन त्यावर खरेखुरे पिस्तूल ठेविले. त्या मुलखीचा कायदा बहुत कडक. वर्षभर क्लबाची हाजिरी भरावी, मग सरकारने चौकशी करावी, मग घरी पोलादी कपाट बसवावे, आणि इतके करोनही ते कमरेस लावोन गल्लीत एक पाऊल टाकावयाची मुभा नाही. घरापासोन मैदानापर्यंत न्यावे ते कुलूपबंद पेटीत, जैसे काही शाही कैदीच. निशिकांतरावांनी हे सर्व सोसले आणि पिस्तुलावर झेंडूचे फूल वाहिले. पुण्याहून सासूबाईंनी स्क्रीनला हात जोडिले. मग त्यांची नजर सिंगापूरकडे वळली. तेथे चौरंगावर विळी, स्क्रू ड्रायव्हर, बँकेचा लॅपटॉप आणि घडीची छत्री ऐसी आयुधे मांडिली होती.

"पद्माकरराव," सासूबाई बोलिल्या, "तुमच्याकडे यंदाही विळीच का हो?"

पंत उत्तर जुळवीत होते तों त्याच पुढे बोलिल्या, "असू दे, बरी आहे. धार लावून घ्या तेवढी."

त्या 'बरी आहे'चा घाव वर्षभर भरला नाही. पंत बँकेत कम्प्लायन्स खात्याचे सरदार, म्हणजे दुसऱ्यांचे अर्ज नियमावर बोट ठेवोन नामंजूर करण्याचे कामी वाकबगार. त्यांची मुद्रा उमटल्याविना बड्याबड्यांची कामे अडोन राहात. ऐशा पुरुषास विळीवरोन बोल लागावा, हे त्यांचे मनाने घेतले नाही.

दैवयोग ऐसा की, त्यांची कन्या चिरंजीव ऋचाबाई, वय पंधरा, शाळेचे नेमबाजीचे पथकात दहा मीटरांवरोन हवेचे पिस्तूल झाडीत होती. हवेचे जाहले तरी या बेटाचे कायद्यात ते हत्यारच. गतसाली ती पथकात राखीव होती, म्हणजे सालभर इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळीत बाकावर बसली होती. यंदा पथकात एक जागा मोकळी जाहली, आणि तिची निवडचाचणी नेमकी खंडेनवमीचे सकाळी ठरली. सराव नेमबाजीचे क्लबात चाले, आणि तेथील पिस्तूल तिघी मुलींत एक. हरएकीने त्याचा नेमाचा स्क्रू आपले नजरेप्रमाणे फिरवावा आणि दुसरीने पुन्हा फिरवावा. म्हणोन क्लबाचे वस्ताद आणि सिलेखान्याचे, म्हणजे हत्यारांचे कोठीचे, किल्लेदार मिस्टर गोह यांणी मसलत दिली की, हिला स्वतःचे घ्या. ऋचाबाईस ती जागा पाहिजे होती. पिस्तूल कैसे दिसते, कोणास दिसते, याशी तिला काडीचे कर्तव्य नव्हते. पंतांनी मात्र त्याच रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीरनामा सोडिला की, "यंदा आमच्याकडेही!!" साडूंनी अंगठा वर करोन दाखविला. सासूबाईंनी जोडिलेले हात पाठविले. आता माघार नव्हती.

मग शनवारी पंतांची खाशी स्वारी सहकुटुंब क्लबात दाखल जाहली. व्यापाऱ्याने मेजावर दोन पिस्तुले मांडिली. एक धाकटे : आखूड नळीचे, हलके, मूठ लहान, रंग निळा, एकंदर दिसावयास पाणी मारावयाचे पिचकारीसारखे. दुसरे थोरले : लांब, काळेभोर, त्यास अक्रोडाचे लाकडाची नक्षीदार भारी मूठ, ऐसे की चौरंगावर ठेविले तर चौरंगच धन्य व्हावा. पंतांची दृष्टी थोरल्यावर पडली आणि तेथेच मुक्काम करोन राहिली.

ऋचाबाईने धाकटे उचलिले, हात लांब करोन भिंतीकडे धरिला, डोळे मिटिले, मग उघडिले, तों हात होता तेथेच होता. मग थोरले उचलिले. बोटे मुठीभोवती फिरोन एकमेकांस भेटेनात, आणि तळहातामागे इतकी पोकळी राहिली की तेथे आणखी एक अंगठा सुखाने नांदावा.

"बाबा, धिस वन टू बिग लाह."

"मोठं नाहीये ते. वाढत्या हाताचं आहे."

"माय हँड नॉट ग्रोइंग एनीमोअर, ओके?"

"पंधराव्या वर्षी कोणाचा हात थांबतो? माझा तर कॉलेजात असतानासुद्धा वाढत होता."

"तोंड वाढत होतं," पंतांचे कुटुंब विनीताबाईसाहेब मागोन हळूच बोलिल्या, परंतु हे बोलणे दप्तरी घेतले गेले नाही.

येथे पंतांचे घराण्याचा रिवाज सांगणे अवश्य आहे. कन्येस जे घ्यावे ते वाढत्या अंगाचे घ्यावे, ऐसा पंतांचा दंडक. पहिलीचा गणवेश घेतला, त्यात पहिले वर्ष मुलीची बोटांची टोके मात्र दिसत, आणि अंगात नीट बसला तों कापड विरोन गेले. बूट घेतले, त्यांत पुढे कापूस भरिला. सायकल घेतली, ती तिने दोन वर्षे उभ्याने चालविली, कारण बसले तर पाय पोचत नसत. प्रत्येक वस्तू अंगास येण्याआधी जुनी जाहली, परंतु पंत हिशेबाचे पक्के. त्यांणी हा हिशेब कधी मांडिलाच नाही.

मिस्टर गोह यांणी सांगोन पाहिले की, "सर, स्मॉल ग्रिप बेटर फॉर हर."

"बट आफ्टर टू इयर्स?" पंतांनी पेच टाकिला.

"आफ्टर टू इयर्स, कम बॅक लोर," गोह बोलिले आणि चहा पियावयास गेले.

थोरले पिस्तूल मुक्रर जाहले, क्लबाचे दप्तरी नोंद जाहली, आणि पंतांनी अत्यंत सहजपणे, जैसे काही पावसाची चौकशी करावी तैसे, विचारिले की, हे घरी कधी न्यावे? गोह यांणी पंतांकडे असे पाहिले, जैसे पंत स्वतः बँकेत अर्जदारांकडे पाहात. पिस्तूल सिलेखान्यात राहील. तेथोन निघोन मैदानावर जाईल आणि मैदानावरोन सिलेखान्यात येईल. पंतांनी विनंती केली की, धर्मकृत्य आहे, एक तासाची मुभा असावी, वाटल्यास आपणही सोबत यावे, पुरणपोळी आहे. उत्तर आले : "कॅनॉट." पंतांनी सांगितले की, निदान मूठ तरी सोडवोन द्यावी. "कॅनॉट." निदान येथेच एक फोटो? भिंतीवर फोटोस मनाईचा तक्ता होता, गोह यांणी त्याजकडे बोट केले. वीस वर्षे पंतांनी लोकांस जे ऐकविले, ते एका शब्दात त्यांस परत मिळाले. परत येताना एमआरटी आगगाडीत पंत उभेच राहिले, जागा रिकामी असता.

पुढे सरावाचे दिवस आले आणि दाणादाण उडाली. जी कन्या क्लबाचे झिजके पिस्तुलाने काळ्या वर्तुळाचे मध्यास भोक पाडीत असे, तिचे छर्रे आता कागदाचे चारी प्रांतांत हिंडो लागिले. एक छर्रा तर सरहद्द ओलांडोन शेजारच्या मुलीचे कागदावर जाऊन बसला, आणि त्या मुलीचे गुण वाढिले. ऋचाबाई घरी येई, वरणभात खाई, कोणाशी न बोलता खोलीचे दार लावी. एके दिवशी विनीताबाईंनी पाहिले तों अंगठ्याचे मुळाशी फोड आला होता.

पंतांनी तोड सुचविली. "मुठीत थोडा कापूस घालून बघ ना."

कन्येने बापाकडे पाहिले. "बाबा, एव्हरीथिंग ऑल्सो कापूस."

एवढेच बोलोन ती आत गेली. निवडचाचणीस चार दिवस उरले होते, आणि बाटल्यांचा बाक तिची वाट पाहात होता, हे घरात सर्वांस कळत होते. पंतांसही कळत होते, परंतु त्यांचे डोळ्यांपुढे चौरंग अद्याप हटत नव्हता.

तेव्हा विनीताबाईसाहेबांनी मोहिमेची सूत्रे हाती घेतली. झेंडू आणि आपट्याची पाने आणावयाचे निमित्ते त्या कन्येस घेऊन लिटिल इंडियात उतरल्या. फुलांचे गल्लीशेजारी बांगड्यांचे दुकान, तेथील तमिळ बाईने ऋचाबाईचा हात आपले मुठीत घेतला, हाडे दाबोन पाहिली, आणि जवळ माप न घेता सांगितले, "टू-फोर." बाईसाहेबांनी बांगड्या घेतल्या नाहीत. घरी आल्या, कपाट उघडिले, आणि दोन वर्षांमागे बहीण संजीवनीताई, म्हणजे निशिकांतरावांचे कुटुंब, यांचे मुलाचे मुंजीत कन्येस घातलेली हिरवी बांगडी बाहेर काढिली. पंत सोफ्यावर बसोन साडूंचे गतसालचे फोटो न्याहाळीत होते. बाईसाहेबांनी कन्येस त्यांचेपुढे उभे केले.

"घाल."

बांगडी अंगठ्यापाशी क्षणभर अडली, मग सरकन मनगटी जाऊन बसली, जैसी मुंजीत बसली होती तैसी.

"दोन-चारची आहे," बाईसाहेब बोलिल्या. "तेव्हाही दोन-चार, आजही दोन-चार. सूतभर फरक नाही. वाढायचा तो वाढून झालाय तिचा हात. आता तुमच्या मानाच्या मापाचा हात मी कुठून आणू तिला?"

पंतांनी बांगडी काढोन घेतली, उजेडात धरिली, फिरवोन पाहिली. पंत हट्टी खरे. परंतु पेशाने पुराव्यापुढे मान तुकविणारे, आणि हा पुरावा गोल, काचेचा आणि निर्दोष होता. मग ते बोलिले, "मला वाटलं होतं, निदान दोन-सहा तरी झाला असेल."

ही शरणागती समजावी.

परंतु शरणागतीने मूठ लहान होत नाही. व्यापाऱ्याकडे वकील पाठविला तों कळले की, लहान मूठ युरोपातोन येणार आणि दसरा उलटल्यावर येणार. आधीचे निळे पिस्तूल दुसऱ्याने नेले होते. मग मिस्टर गोह यांणी तोड सांगितली : मूठ लाकडाचीच आहे, घासोन लहान करावी, पुष्कळ जण करितात. सिलेखान्याबाहेर जाणार नाही. येथे माझे मेजावर, माझे डोळ्यांपुढे घासावी. "बट सर, वन्स यू फाइल, नो वॉरंटी. रीसेल ऑल्सो गॉन."

'रीसेल' हा शब्द पंतांचे काळजास लागला. पंतांनी पंखा घेताना, मोबाइल घेताना, फार काय भाड्याचे सामान घेतानाही रीसेल विचारिली होती. क्षणभर ते अक्रोडाचे नक्षीकडे पाहात राहिले. मग उठोन तोआ पायोहचे हार्डवेअरचे दुकानी गेले आणि जाड, मध्यम आणि बारीक ऐसा तीन जातींचा पॉलिशपेपर आणि एक अर्धगोल कानस घेऊन आले.

त्या संध्याकाळी जो रणसंग्राम जाहला तो वर्णावा तितका थोडा. पंतांनी बँकेचे शर्टाच्या बाह्या मागे सारिल्या, मूठ हाती धरिली आणि पहिला कानशीचा फटका मारिला, तों आपलेच दाढेवर मारिल्यासारखे तोंड केले. मग दुसरा मारिला. मग लाकडाचा भुगा उडो लागला, आणि पंतांचे चष्म्यावर बसला, आणि मिश्यांवर बसला, आणि गोह यांचे चहात पडला, आणि गोह यांणी चहा सरकवोन घेतला परंतु हरकत घेतली नाही. प्रथम आपले अंदाजाने घासावे ऐसा पंतांचा विचार होता. मग त्यांणी हात थांबविला, आणि आजवर कधी विचारिले नव्हते ते विचारिले.

"कुठे टोचतं गं?"

ऋचाबाईने बोट ठेविले. "इथे."

पंतांनी घासिले. कन्येने धरोन पाहिले.

"अजून थोडं. इकडून पण, बाबा."

पंतांनी इकडोन घासिले. नक्षी गेली. पॉलिश गेले. भारी मूठ होती ती रोडावत गेली, आणि उंदरांनी रात्रभर खलबत केल्यासारखी दिसो लागली. शेवटी कन्येने तीत हात घातला, बोटे फिरविली, ती जागच्या जागी बसली. मग हात लांब करोन तिने डोळे मिटिले आणि उघडिले, आणि हात होता तेथेच होता.

"कशी वाटते?" पंत बोलिले.

"शी, दिसते घाण," कन्या बोलिली आणि हसली. महिन्यात प्रथम हसली.

खंडेनवमीचे सकाळी चाचणी जाहली. आईबापांस आत मज्जाव. उभयता काचेबाहेर उभी होती. पंतांस छर्रे दिसत नव्हते, गुण दिसत नव्हते. दिसत होता तो कन्येचा लांब केलेला उजवा हात, जो वर येई, थांबे, आणि खाली जाई. शेवटी गोह बाहेर आले. पंत पुढे झाले. गोह यांणी पंतांचे चष्म्याकडे पाहिले, जेथे भुग्याचा एक कण अद्याप चिकटोन होता, आणि बोलिले :

"कॅन."

जागा फत्ते जाहली. बाटल्यांचा बाक दुसऱ्याकडे गेला.

परंतु संध्याकाळचा संग्राम बाकीच होता. चौरंग मांडिला, तांबडे वस्त्र घातले, झेंडू वाहावयास घेतले, आणि चौरंग मोकळा. पिस्तूल सिलेखान्यात कुलूपबंद. जगजाहीर 'आमच्याकडेही' ग्रुपवर दोन उद्गारचिन्हांसह उभे. पंतांनी हळूच जाऊन विळी आणिली आणि कडेस ठेविली. विनीताबाईंनी ती पाहिली, पंतांकडे पाहिले, मग कन्येस हुकूम केला की, पाटावर बस, आणि उजवा हात चौरंगावर ठेव.

"मम्मी, सीरियसली?"

"ते लाकूड तिकडे राहिलं. नेम धरणारा हात इथे आहे ना? ठेव."

हातावर हळद-कुंकू वाहिले, फोडाचे जागेस तेवढे चुकविले, मनगटाशी झेंडू ठेविला, आणि कॉल लागला. पंतांनी जर्मन देशाचे चौकटीकडे पाहिले. तेथे निशिकांतराव शेरवानी घालोन उभे, आणि त्यांचेमागे झेंडूचा भला थोरला हार घातलेले एक राखाडी पोलादी कपाट.

"निशिकांतराव," सासूबाई चष्मा सावरोन बोलिल्या, "फ्रिज पुजलात का?"

"फ्रिज नाही गं आई," संजीवनीताई मागोन बोलिल्या, "पिस्तुलाचं कपाट आहे. कुलपाची बॅटरी संपली."

"मग किल्लीने उघडा की."

"किल्ली आत आहे. इथला कायदा म्हणे, किल्लीसुद्धा कुलपात ठेवायची. ह्यांनी ती ह्याच कुलपात ठेवली."

निशिकांतराव कपाटावरील हार नीट करू लागले. पंतांचे मुखी काही आले होते, जे ते वर्षभर घोकीत होते. परंतु बाईसाहेबांनी त्यांचे पायावर पाय ठेविला आणि ते तेथेच राहिले. मग सासूबाईंची नजर सिंगापूरकडे वळली, चौरंगावर आली, आणि तेथे थांबली.

"हे काय? हात?"

"ऋचाचा," विनीताबाई बोलिल्या. "पिस्तूल क्लबाबाहेर आणू देत नाहीत. आज हिची पथकात निवड झाली, आई."

"झाली? राखीव की खरी?"

"खरी, आजी," ऋचाबाई बोलिली.

"अगं, मग नीट दिसू दे की! कॅमेऱ्यापुढे धर. हां. अस्सा." आणि सासूबाईंनी हात जोडिले, आणि जोडोन तैसेच ठेविले, आणि मग आरती आठवोन पुरी म्हटली, मधली दोन कडवी नातीची विचारपूस करीत करीत. इतका वेळ सासूबाईंनी सिंगापूरकडे आजवर पाहिले नव्हते. पंतांचा लाभ येणेप्रमाणे पदरी पडला, फक्त त्या साऱ्या वेळात पंत स्वतः चौकटीबाहेर टॅब्लेट धरोन उभे होते, कारण तो दुसरा कोणी धरावयास नव्हता.

"बाबा, माय हँड स्लीप ऑलरेडी लाह," कन्या कुजबुजली.

"धर अजून थोडा," पंत कुजबुजले.

शेवटी सासूबाईंनी हात खाली घेतले. "पद्माकरराव, कोपऱ्यात विळी दिसतेय. धार लावलीत का?"

"लावली," पंत बोलिले. खरे म्हणजे उरलेल्या बारीक पॉलिशपेपराने कालच घासिली होती.

येणेप्रमाणे सिंगापूर मुक्कामी पहिल्या पिस्तुलाची मोहीम सर जाहली. ऋचाबाईंनी पथकात स्थान घेतले, कायद्याचा एकही शब्द मोडिला नाही, आणि उभय साडूंपैकी एकाचेही पिस्तूल चौरंगावर आले नाही. आता भरपाई कोणी कोणी केली त्याची रुजुवात. अक्रोडाचे मुठीने आपले अंगाचे लाकूड दिले. पद्माकरपंतांनी रीसेल दिली आणि वर्षभर घोकिलेले वाक्य गिळिले. निशिकांतरावांनी कुलूपवाल्यास सणाचे दिवशी बोलावणे पाठविले, आणि तो सोमवारी येतो म्हणाला. मिस्टर गोह यांचा एक चहा गेला. सासूबाईंनी काही दिले नाही. हात आमच्या घराण्यावर गेला आहे, ऐसे मात्र शेजारी दोन घरी सांगितले.

राहिली कन्या. तिने आजवर काय काय भरिले, विरलेले गणवेश, उभ्याने चालविलेली सायकल, कापसाचे बूट, हे त्या भुग्याचे संध्याकाळी पंतांचे ध्यानी येऊन चुकले होते. म्हणोन दसऱ्याचे दिवशी ते स्वतः तिला घेऊन बुटांचे दुकानी गेले, आणि दुकानदारास बजाविले की, पायाचे नेमके माप घ्या. दुकानदाराने घेतले. पंतांनी बूट अंगठ्यापाशी दाबोन पाहिला, बराच वेळ विचार केला, आणि अर्धाच नंबर मोठा घेतला.

कापूस कन्येने घरी येऊन आपला आपण घातला.